सोमवारची सुरमई

सहल आखावी तर कुणी, हे लातूरच्या मार्केट यार्डात कुणालाही विचारा. लोक माझ्या आडतीकडं बोट करतील. मी महांतेश. तुरीची आडत, तिसरी पिढी. चहा कुठं, जेवण कुठं, टायर पंक्चर झालं तर कुठल्या झाडाखाली बसायचं, हे सगळं मी निघायच्या आधी कागदावर उतरवतो. मागं यार्डातली चाळीस माणसं श्रीशैलला नेली अन् एक्केचाळीस परत आणली. तो एक्केचाळिसावा कोण होता हे अजून कळलं नाही, पण जेवला व्यवस्थित.

तर या सहलीचं कारण माझी पोरगी, दामिनी. तिला उदगीरचं स्थळ आलं होतं. आलं होतं म्हंजे तिनंच आणलं होतं, पण आपल्यात असं बोलत नाहीत. मुलगा वीरेश, लातुरात एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. त्याचे वडील नागप्पा, उदगीरला हरभऱ्याची आडत. माल वेगळा, धंदा एकच. अन् या सगळ्यांच्या वर नागप्पांची आई लक्ष्मम्मा. वय अठ्ठ्याहत्तर. सगळं उदगीर तिला अव्वा म्हणतं. नवरा लवकर गेला तेव्हा अव्वा स्वतः आडतीवर बसली अन् वीस वर्षं सौदे केले. आता आडत नागप्पा बघतात अन् नागप्पांना अव्वा बघते.

घराणं लई कडक. इष्टलिंगाची पूजा झाल्याबिगर तोंडात पाणी नाही. सोमवारी दिवसभर उपवास, संध्याकाळी पूजा करून एकदाच जेवायचं, त्यातही कांदा-लसूण नाही. त्यांच्या घरात अंड्याचं नावसुद्धा घेत नाहीत, 'ते पांढरं' म्हणतात.

बैठकीत सगळं पसंत पडलं. साखरपुड्याची तारीख तेवढी काढायची राहिली. मी पंचांग उघडलं, तर अव्वानं हात आडवा केला.

"ब्याड, ब्याड. आत्ता नको. माणूस बैठकीत कळत न्हाई, प्रवासात कळतो. दोन दिस संगट राहू, मंग तारीख."

"कुठं जायचं अव्वा?"

"मी समुद्र बघितला न्हाई," अव्वा म्हणाली.

मी म्हटलं, "समुद्राचा जिम्मा माझा."

पाव्हणे गेल्यावर दामिनी माझ्यासमोर येऊन बसली. पोरगी बोलायला धीट, पण त्या दिवशी आवाज जरा खाली होता.

"अप्पा, मला हाच मुलगा पाहिजे. ते दोन दिवस तुम्ही काहीच करू नका. नुसतं बसा."

"मी काय करतो?"

"तेच तर. तुम्ही काय करता ते तुम्हाला कळत नाही."

आतून माझी बायको शिवकांता म्हणाली, "बरोबर बोलून राहिली ती."

मला जरा लागलं. पण पोरीच्या डोळ्यांत बघितलं अन् कबूल केलं. म्हटलं, नुसता बसतो. आता नुसता बसलेला माणूस यादी तर करू शकतो.

गाव निवडलं मुरवणे. समुद्राकाठचं लहानसं गाव, गर्दी नाही. फोनवर 'मुरवण्यात बघण्यासारख्या दहा गोष्टी' सापडल्या. कागदावर उतरवल्या अन् लाल पेन घेऊन बसलो. मासे तळणारी खानावळ खोडली. खेकडे पकडायची सफर खोडली. मग आली सातवी गोष्ट: 'बंदरावरचा मासळीचा लिलाव, संध्याकाळी पाच. चुकवू नये.' तीही खोडली, पण तिथं पेन जरा अडलं, हे कबूल करतो.

त्याचं काय आहे, लिलाव म्हंजे आमचा श्वास. रोज सकाळी तुरीच्या ढिगाभोवती सौदा चालतो, अन् मी तोंडानं कधी भाव बोलत नाही. नुसती उजव्या कानाची पाळी ओढतो. ओढली की समजायचं, महांतेशनं चढवलं. सगळ्या यार्डाला ठाऊक आहे. एकदा कानात मळ झाला होता तर दिवसभरात चाळीस पोती जास्तीची माझ्या अंगावर आली. पण ते असू द्या.

खाली उरल्या सात गोष्टी. छापून, वरून प्लॅस्टिक चढवून, सगळ्यांना एकेक दिली. नागप्पांनी आपली प्रत उजेडाला धरली.

"हे खोडलेलं काय हाय?" खोडलेल्या ओळी छापणाऱ्या माणसानं तशाच्या तशा छापल्या होत्या.

"काही नाही अण्णा, बिनकामाचं."

"हं," नागप्पा म्हणाले अन् चष्मा पुसून पुन्हा तिथंच बघू लागले. तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं.

महाशिवरात्र झाली अन् आम्ही निघालो. भाड्याची मोठी गाडी, ड्रायव्हर, अन् आम्ही सहा जण: आम्ही तिघं, अव्वा, नागप्पा, वीरेश. नागप्पांच्या मंडळींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्या घरी.

रविवारी दुपारी मुरवण्यात उतरलो अन् गाडीचं दार उघडल्याबरोबर वास आला. त्या गावात रस्त्याच्या कडेला, गच्चीवर, कुंपणावर, जिथं जागा दिसेल तिथं मासळी वाळत घातलेली. आपल्याकडं पापड घालतात तशी. अव्वानं पदर नाकाला लावला.

"हा कशाचा वास?"

"समुद्राचा, अव्वा," मी म्हटलं. "खारं पाणी असतं, त्याचा."

"एवढं पाणी असून आंघोळ करत न्हाई का तो?"

मग समुद्र दाखवला. अव्वा लई वेळ बघत उभी राहिली. मला वाटलं भरून आलं असेल. आपण लातूर-उदगीरकडची माणसं, उन्हाळ्यात घागरीमागं टँकरच्या रांगेत उभं राहिलेली. अव्वा म्हणाली, "इतकं पाणी, अन् प्यायला थेंब न्हाई. कसला नियोजनशून्य माणूस हाय हा." मला उगाच वाटलं की हे मलाच बोलली. पायसुद्धा ओले केले नाहीत तिनं. म्हणाली, लांबूनच बरा.

पुढं यादीनं मला दगा दिला. दीपगृह दुरुस्तीला बंद. डॉल्फिन बघायला होडीत बसलो तर दोन तासांत एक फुगा अन् एक चप्पल दिसली. खाडीकाठचं महादेवाचं देऊळ मात्र छान निघालं, तिथं अव्वा खूश झाली. म्हंजे सोमवारी दुपारपर्यंत सातपैकी एक गोष्ट पास. दामिनी माझ्याकडं बघून डोळ्यांनीच सांगत होती, बसा, बसा. मी बसलो होतो.

उरली होती शेवटची: 'जेट्टीवरून सूर्यास्त, सहानंतर.' ड्रायव्हर सगळ्यांना पावणेसहाला तिथं घेऊन येणार होता. साडेचारला उपवासाची माणसं आडवी झाली. नागप्पा म्हणाले, "मी जरा देवळात जाऊन बसतो," अन् खांद्यावर टॉवेल टाकून गेले. मी शिवकांताला म्हटलं, "जेट्टीवर पुढं जाऊन जागा बघून ठेवतो. गर्दी झाली तर अव्वाला दिसायचं नाही."

यात खोटं काही नव्हतं. आता जेट्टीला लागूनच बंदर असलं, अन् बंदरावर पाचला लिलाव होत असला, तर त्यात माझा काय दोष?

लांबून बघणार होतो, नाकाला रुमाल लावून. पण लिलाव लांबून ऐकू येत नाही. म्हणून जवळ गेलो. मग दिसत नव्हता, म्हणून पुढं गेलो.

फरशीवर सहा सुरमई मांडल्या होत्या, एकेक माझ्या हाताएवढी. पलीकडं साडीचा काष्टा मारलेली पन्नाशीची बाई उभी होती. लोक तिला तांडेलबाई म्हणत होते. माल तिच्याच होडीचा, बोलीही तीच पुकारत होती. समोर गिऱ्हाईक तीन. एक गळ्यात सोन्याची जाड माळ घातलेला, एक टोपीवाला, एक मोटारसायकलवर बसूनच बोलणारा.

"चार हजार," माळवाला म्हणाला.

तांडेलबाईनं टोपीवाल्याकडं बघितलं. टोपीवाला आभाळाकडं बघत होता. मोटारसायकलवाला आरसा पुसत होता.

मला माशातलं काही कळत नाही. कळून घ्यायचंही नाही. पण गिऱ्हाइकातलं कळतं. तीन गिऱ्हाईकं समोरासमोर उभी आहेत अन् एकमेकांकडं बघतसुद्धा नाहीत, म्हंजे सकाळी एकाच टपरीवर चहा पिऊन ठरवून आलेत. बाईचा भाव पाडून राहिले होते. आमच्या यार्डात एखाद्या शेतकऱ्याच्या ढिगावर असं चाललं की माझं डोकं फिरतं. आज्यानं शिकवलेलं, माल कुणाचाही असो, भाव मारू द्यायचा नाही.

"चार हजार एकवार," तांडेलबाई म्हणाली. आवाज पार खाली गेला होता. "चार हजार दोनवार..."

माझा हात कानाला गेला. मी नेला नाही, तो गेला. पंचवीस वर्षांची सवय आहे त्याला.

बाई हुशार. तिनं लगेच माझ्याकडं बोट केलं. "साडेचार! पाहुण्यांचे साडेचार!"

माळवाल्यानं माझ्याकडं बघितलं. मी हात खाली घेणार, तेवढ्यात बर्फाच्या पेट्यांच्या मागून खोकला आला.

"पाच हजार तिकडून," बाई म्हणाली.

बघतो तर डोक्यावरून टॉवेल घेतलेला कुणीतरी, तोंड दिसत नव्हतं. बरं वाटलं. म्हटलं, भला माणूस आहे, चढवतोय बिचाऱ्या बाईला. आता एकदाच अजून ढकलून देऊ, मग तो घेईल अन् मी सूर्यास्ताला मोकळा. कान ओढला. तो खोकला. कान ओढला. तो खोकला. साडेसहा, सात, साडेसात. आता त्या खोकल्याचा मला राग यायला लागला. हा कोण टॉवेलवाला, लातूरच्या आडत्याला हरवणारा? नऊ हजारावर तो खोकला अन् मी कान असा ओढला की आजही तो डावीकडच्यापेक्षा लांब दिसतो.

"साडेनऊ एकवार. दोनवार."

मी खोकल्याची वाट बघितली. खोकला आला नाही.

"तीनवार. उचला, पाहुण्यांनु."

सोमवार होता. कपाळावर भस्म होतं. अन् माझ्या नावावर सहा सुरमई होत्या.

"उचला म्हंजे?" मी विचारलं. आमच्याकडं सौदा झाला की माल ढिगातच राहतो, हमाल बघतात, आज घेतलेला उद्या दुसऱ्याला देता येतो. मी म्हटलं, "बाई, राहू द्या इथंच. उद्या बघू."

"उद्या ह्या माशाक मांजरय विचारूचा नाय," ती म्हणाली. "खंयचे तुमी?"

"लातूरचा."

"मगे बरोबर." काय बरोबर ते तिनं सांगितलं नाही.

"मग तुम्हीच परत घ्या ना. मी मासे खात नाही."

ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "खात नाय तर बोली कित्याक लावलात? दुसऱ्या होड्यांचो माल कधीच गेलो. आता माका कोण गिऱ्हाईक?"

बोली म्हंजे जबान. तीन पिढ्यांत आमच्या घरात कुणी सौदा फिरवला नाही. फोनवरून पैसे दिले. मासे तिनं दोन पाट्यांत भरले अन् पाट्या माझ्या पायापाशी सरकवल्या.

मग डोक्यात आलं, नऊ हजारापर्यंत खोकणारा माणूस साडेआठला तर नक्की घेईल. टॉवेलवाला बर्फाच्या पेट्यांमागून हळूच निघून चालला होता. मी पाट्या उचलून मागं धावलो अन् एका हातानं टॉवेल धरून ओढला.

आत नागप्पा होते.

आम्ही दोघं एकमेकांच्या कपाळावरच्या भस्माकडं बघत उभे राहिलो.

"मी देवळात चाललो व्हतो," नागप्पा म्हणाले.

"देऊळ तिकडं आहे, अण्णा."

नागप्पांनी खाली बघितलं. मग एकदम उसळून म्हणाले, "तिघं मिळून त्या बाईचा भाव पाडून राहिले व्हते हो. माझ्यानं बघवलं न्हाई. तेवढ्यात कुणीतरी चढवलं, म्हटलं भला माणूस हाय, त्याला जरा ढकलून द्यावं."

"तो भला माणूस मीच."

"ते मला नऊ हजाराला कळलं. तुमचा कान दिसला. म्हणून तर खोकला गिळला."

मला हसू आलं, त्यांनाही आलं. व्याही म्हणून हा माणूस मला त्या क्षणी इतका आवडला की हातात पाट्या नसत्या तर मिठी मारली असती. पण पुढच्या क्षणाला जेट्टीवर आमची गाडी येऊन थांबली. पावणेसहा. ड्रायव्हर बरोबर वेळेवर, कारण वेळ मी लिहून दिली होती.

वीरेश अव्वाला हात धरून उतरवत होता. मागं शिवकांता अन् दामिनी. पळायला जागा नव्हती, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला अव्वा. आम्ही पाट्या मागं टाकल्या, वर नागप्पांचा टॉवेल पसरला अन् दोघं खांद्याला खांदा लावून पुढं उभे राहिलो.

"अप्पा, इथं काय करताय?" दामिनीनं विचारलं.

"सूर्यास्त बघतोय."

"सूर्य तुमच्या पाठीमागं आहे."

तेवढ्यात एक मांजर आलं. माझ्या पायाला घासून मागं गेलं. मग दुसरं. मग एकदम तीन. एक कावळा येऊन नागप्पांच्या बुटापाशी उतरला अन् त्यांना घाबरला नाही.

अव्वा एकटक बघत होती. "मांजरं लई जीव लावून राहिलीत तुमाला."

"इथली जनावरं प्रेमळ आहेत, अव्वा," मी म्हटलं.

दामिनीनं डोळे मिटून घेतले. तिला काय झालंय ते कळलं नव्हतं, पण बापानं काहीतरी केलंय एवढं कळलं होतं. अन् त्याच वेळी मागून तांडेलबाईची हाक आली. "ओ लातूरवाले! मासे घेऊन जावा, पण माझ्यो पाट्यो परत दिया!"

मांजरानं टॉवेल ओढला. सहा सुरमई उघड्या पडल्या, सगळ्या अव्वाकडं तोंड करून.

शिवकांतानं कपाळावर हात मारला. वीरेशनं चष्मा काढला, बहुतेक न दिसलेलं बरं म्हणून. मी दामिनीकडं बघितलं. ती रडत नव्हती, तेच जास्त वाईट होतं. लहानपणी परीक्षेत नापास झाली की अशीच उभी राहायची, ओठ दाबून. इतकं सगळं पोरीनं स्वतः जुळवलं, बापाकडं एकच गोष्ट मागितली, नुसतं बसा. अन् बापाला बसता आलं नाही.

"हे कुणी घेतलं?" अव्वानं विचारलं.

नागप्पांकडं बघितलं. छप्पन्न वर्षांचा माणूस, पण आईसमोर पहिलीतल्या पोरागत हात मागं बांधून उभा. म्हटलं, तारीख तर गेलीच आहे, निदान यांचं तरी घर राहू दे.

"मी घेतलं, अव्वा. बोली मी लावली, माल माझा. अण्णांचा काही संबंध नाही, ते आत्ताच देवळातून आले. दोष द्यायचा तर मला द्या, पोरीला ह्यातलं काही माहीत नाही."

अव्वा तांडेलबाईकडं वळली. "ह्यानंच बोली लावली?"

"व्हय. कान ओढून. आणि तो दुसरो," तिनं नागप्पांकडं बोट केलं, "पाच येळा खोकलो. दर खोकल्याक पाचशे चढले."

"नागू," अव्वा म्हणाली.

"अव्वा, मी नुसता खोकलो."

"सुम्म कूड." नागप्पा तिथंच एका दोरखंडाच्या वेटोळ्यावर गप बसले. मीही बसलो. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण बसलो.

अव्वानं तांडेलबाईला सगळं विचारून घेतलं. बोली कुठून सुरू झाली, तिघं कसे उभे होते, कोण कुठं बघत होता. पदर नाकाला लावलेलाच. मग आमच्याकडं वळली. मी डोळे मिटले. आता म्हणेल, हे स्थळ नको.

"दोघं एका घरचे व्हायला निघालात," अव्वा म्हणाली, "अन् एकमेकांवर बोली चढवून राहिलात? चार हजाराचा माल एकट्यानं चढवला असता तर सहाला मिळाला असता. मी ह्याला आडत शिकवली, ती ह्यासाठी?"

मी एक डोळा उघडला.

"आता ह्याचं काय करणार?"

"टाकून देतो, अव्वा," नागप्पा म्हणाले.

"माल टाकून देतो म्हणतोस, तो बी त्या बाईसमोर? दिवसभर समुद्रावर जीव घातलाय तिच्या घरच्यांनी." अव्वानं त्या तिघा गिऱ्हाइकांकडं बघितलं. ते अजून गेले नव्हते. चहाच्या टपरीपाशी उभे राहून आमची मजा बघत होते. "ते का थांबलेत?"

"अंधार पडला की तुमी फुकट टाकून जातलात म्हणान," तांडेलबाई म्हणाली.

अव्वा माशांकडं पाठ करून उभी राहिली. तोंड समुद्राकडं, पदर नाकाला. अन् आवाज असा काढला की उदगीरच्या यार्डात जुनी माणसं दचकली असतील.

"दहा हजार. कुणाला पाहिजे?"

माळवाला हसत पुढं आला. "आजी, पाच देतो."

"वीरेश, बर्फ विचार," अव्वा समुद्राला म्हणाली. "गाडीत टाकून लातूरला नेऊ."

"आजी, लातूरला कोण खातंय?"

"ते तू कशाला बघतोस? तू तुझा फोन उचल. मी आल्यापासून तीनदा वाजला अन् तीनदा तू तो दाबलास. हॉटेलवाला वाट बघून राहिलाय ना? बाकीच्या होड्यांचा माल संपलाय. दहाच्या खाली मला बोलू नको."

माळवाल्याचं हसू गेलं. फोन पुन्हा वाजला. त्यानं अव्वाच्या पाठीकडं बघितलं, टोपीवाल्याकडं बघितलं, टोपीवाल्यानं आभाळाकडं बघितलं. पाच मिनिटांत पाट्या उचलल्या गेल्या. पूर्ण दहा हजारांना. अव्वानं मासे बघितले नाहीत, शिवले नाहीत, नावसुद्धा घेतलं नाही. सगळा वेळ 'माल' म्हणाली. वरचे पाचशे तांडेलबाईला द्यायला लावले, म्हणाली, मूळ माल तिचा.

मी कसाबसा बोललो, "अव्वा, सोमवार... तुम्हाला चाललं?"

"वास मालाला असतो, महांतेशप्पा. भावाला वास नसतो."

मग आमची शिक्षा. "दोघं पाण्यात. हाय तसे, कपड्यासकट. असल्या हातानं पूजेला बसायचं न्हाई." तर मुरवण्याचा तो प्रसिद्ध सूर्यास्त मी कमरेइतक्या पाण्यात उभा राहून बघितला. बाजूला व्याही. दोघांच्या कपाळावरचं भस्म धुऊन गेलेलं.

"व्याही," नागप्पा ओठ पुसत म्हणाले, "लई खारं हाय हो."

"यादीत लिहायला पाहिजे होतं," मी म्हटलं.

काठावर वीरेश अन् दामिनी दोन्ही बाजूंनी अव्वाचे हात धरून उभे होते. एक लाट आली अन् अव्वाच्या पायावरून गेली. मला वाटलं आता मागं सरकेल. पण ती तिथंच उभी राहून खुदकन हसली. दुसरी लाट आली तर नऊवारी चार बोटं वर धरून एक पाऊल पुढं टाकलं. मला हाक मारली.

"महांतेशप्पा, नागूचं नाव का सांगितलं न्हाई?"

"ते... घाबरले होते, अव्वा."

"अन् तुमी?"

"मी जास्त घाबरलो होतो."

अव्वा मान हलवत राहिली. "तुमाला खोटं बोलता येत न्हाई. मांजरं गोळा करून सूर्याकडं पाठ करता. अशा घरची पोरगी चालती." मग दामिनीकडं बघून म्हणाली, "अक्षय तृतीया झाली की पुढचा सोमवार. पण यादी तू करायची. बापाला हात लावू द्यायचा न्हाई."

पोरगी कपड्यांसकट पाण्यात शिरली अन् माझ्या गळ्यात पडली. रडली ती आत्ता. "अप्पा, एकच सांगितलं होतं तुम्हाला," म्हणाली. मी म्हटलं, व्हय. दुसरं काय म्हणणार?

साखरपुडा लातुरात झाला, थाटात. सगळं दामिनीनं आखलं, अन् बरोबर चाळीस पाव्हण्यांत चाळीसच जेवले. शेवटी मठाच्या स्वामींनी पंचांग उघडून भर मांडवात विचारलं, "लग्नाला दोन मुहूर्त निघतात. बारा तारीख धरायची, का एकोणीस?"

मला बारा बरी वाटत होती, एवढंच. हात आपोआप कानाला गेला. समोरून लगेच नागप्पा खोकले.

अव्वा जागेवरून म्हणाली, "आधी त्या दोघांचे हात-तोंड बांधा रे."

साखरपुड्याच्या फोटोत बघा, मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलोय अन् नागप्पांनी टॉवेल तोंडात धरलाय. कुणी विचारलं तर मी सांगतो, त्या दिवशी थंडी लई होती. फोटोखाली मे महिना छापलाय, तो भाग मी अंगठ्यानं झाकून धरतो.